दारची टपालपेटी : तिची घडण आणि तिची सुधारणा

वाचकहो, किल्ले, राजवाडे, लढाया आणि तह ह्यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण घराच्या दाराशी असणाऱ्या लहानसहान वस्तूंनाही इतिहास असतो, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही. टपालपेटीच घ्या ना! चौकातली तांबडी पेटी नव्हे, बरं का, ती सरकारची. मी बोलतो आहे ती घरमालकाची स्वतःची पेटी. पोस्टमन घरी येतो, पत्र तिच्यात टाकतो आणि पुढे जातो. फाटकाच्या खांबात बसवलेली, वर घराचे नाव कोरलेली अशी पेटी तुम्ही पाहिली असेल. काही ठिकाणी तिच्याभोवती विटांचा चौकोनी खांबच बांधतात. दिसायला तो फार ऐटदार दिसतो.

आता प्रश्न असा की, एवढ्याशा पेटीत सुधारणा ती कसली करायची? एक फट, एक झाकण, एक कुलूप, झाले. पण थोडे खोलात शिरले की दिसते की ह्या पेटीशी एका माणसाचा नव्हे, तीन माणसांचा संबंध येतो. पहिला घरमालक, दुसरा टपाल आणणारा, आणि तिसरा रस्त्याने जाणारा वाटसरू. टपालपेटीचा सारा इतिहास म्हणजे ह्या तिघांचा विचार एकामागून एक कसा होत गेला, ह्याचा इतिहास होय. आणि ज्या ज्या वेळी तिघांपैकी एकाचा विसर पडला, त्या त्या वेळी पेटी बिघडली. विटांच्या पेटीची गोष्ट ह्याच प्रकारची आहे. ती मुख्यतः अमेरिकेत घडली. पण तिच्यातून आपण घ्यावे असे पुष्कळ आहे.

आरंभ मात्र इंग्लंडपासून करावा लागतो. १८४० पूर्वी तिथे पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणारा देत असे, आणि ते अंतराप्रमाणे कमीजास्त होत. टपालवाला दार ठोठावी, घरातले कोणी येई, पैसे मोजून देई, मग पत्र हाती पडे. रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने १८३७ साली एक पुस्तिका काढून ह्या पद्धतीवर टीका केली. पैसे आधीच घ्यावेत आणि दर देशभर एकच असावा, हे त्याचे म्हणणे प्रसिद्धच आहे. त्यातूनच १८४० साली एक पेनीचे टपाल आणि जगातले पहिले चिकटवायचे तिकीट आले. पण त्याच पुस्तिकेत त्याने आणखी एक साधी गोष्ट सुचवली होती. पैसे दारात घ्यायचे नसतील, तर दार उघडण्याची वाट तरी का पाहायची? प्रत्येक घराला एक पेटी असावी, टपालवाल्याने तीत पत्र टाकावे, दारावर थाप मारावी आणि चालू लागावे.

सूचना साधी, पण ती लगेच कोणी मनावर घेतली नाही. १८४९ साली ब्रिटिश टपालखात्याने लोकांना दारात फट पाडून घेण्याचे आवाहन केले. त्यावर कित्येकांनी नाके मुरडली. आपल्या उंची लाकडाच्या दारांना भोके पाडायची म्हणजे काय, असा एका उमरावाने संताप केल्याची हकीकत सांगतात. माणसाचा स्वभावच तसा आहे. दार माझे, त्याची शोभा माझी. बाहेर पावसात उभा असलेला मनुष्य काही माझा कोणी नव्हे! परंतु हळूहळू फटी आल्या, आणि इंग्लंडात घराच्या दारातली पितळी फट ही नित्याची गोष्ट होऊन बसली.

अमेरिकेत शहरांतून घरपोच मोफत टपाल १ जुलै १८६३ रोजी सुरू झाले. तिथेही टपालवाले दार ठोठावून उभे राहत. हिशेब करणाऱ्यांनी पुढे असे काढले की, नुसत्या वाट पाहण्यात एकेका टपालवाल्याचा दिवसाकाठी दीड तासाहून अधिक वेळ फुकट जातो. हजारो माणसांचा दीड दीड तास! शेवटी १ मार्च १९२३ पासून तिथल्या टपालखात्याने नियमच केला, की घराला पेटी किंवा दाराला फट असल्याशिवाय टपाल मिळणार नाही. ही झाली शहराची गोष्ट.

खेड्यांची गोष्ट निराळी होती, आणि ती आपल्याला अधिक जवळची वाटेल. गेल्या शतकाच्याही आधी, १८९० च्या सुमारास, अमेरिकेतली बहुसंख्य वस्ती खेड्यांत आणि शेतांवर राहत होती. शेतकऱ्याचे घर त्याच्या शेतात, आणि शेजारी मैल-अर्धा मैल दूर. टपाल येई ते चौरस्त्यावरच्या दुकानात. दुकानदार हाच पोस्टमास्तर. शेतकरी आठवड्यातून एकदा बाजाराला जाई तेव्हा पत्रे आणि वर्तमानपत्रे घेऊन येई. पत्रात कोणाच्या आजारपणाची बातमी असली तर ती हाती पडेपर्यंत माणूस बराही झालेला असे, किंवा गेलेलाही असे.

शहरवाल्यांना घरपोच मिळते, मग आम्हाला का नाही, असा प्रश्न शेतकऱ्यांच्या संघटनांनी विचारायला सुरुवात केली. जॉन वानामेकर हे पोस्टमास्तर जनरल असताना त्यांनी ह्या कल्पनेचा पुरस्कार केला. १८९३ साली जॉर्जिया राज्याचे प्रतिनिधी टॉम वॉटसन ह्यांच्या खटपटीने संसदेने प्रयोगासाठी दहा हजार डॉलर मंजूर केले. प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला तो १ ऑक्टोबर १८९६ रोजी, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या चार्ल्स टाउन, हॉलटाउन आणि युव्हिला ह्या गावी. त्या वेळचे पोस्टमास्तर जनरल विल्यम विल्सन हे चार्ल्स टाउनचेच. चौरस्त्यावरच्या दुकानदारांना ही योजना अर्थातच आवडली नाही, कारण टपालासाठी येणारे गिऱ्हाईक आता येणार नव्हते. पण शेतकऱ्यांना ती इतकी पसंत पडली की १९०२ साली ती कायमची झाली.

आता मौज पहा. टपालवाला घोडागाडीतून शेताच्या कडेने येणार, पण टपाल टाकायचे कशात? घर तर रस्त्यापासून लांब. तेव्हा ज्याला जे सापडले ते त्याने रस्त्यावर आणून ठेवले. कोणी चरबीची रिकामी बादली टांगली, कोणी पाकाचा डबा, कोणी साबणाचे खोके, कोणी सफरचंदांची पेटी खांबाला ठोकली. डबे धुतलेले असतच असे नाही. पत्राला चरबीचा डाग आणि वर्तमानपत्राला पाकाचा चिकटा, हा नित्याचा प्रकार. पावसात सगळेच भिजे. घरमालकाची सोय झाली होती. त्याचा डबा, त्याचा खांब, त्याला वाटेल तिथे. पण टपालवाल्याला प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरावे लागे, हात कुठे घालायचा ते शोधावे लागे, आणि बर्फात, चिखलात हे शंभर वेळा करावे लागे. तिघांपैकी एकट्या मालकाचाच विचार झाला म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना.

१९०१ साली पोस्टमास्तर जनरलनी एक समिती नेमली. कारखानदारांनी आपापल्या पेट्यांचे नमुने पाठवले. समितीपुढे ६३ नमुने आले. त्यांतले अवघे १४ पसंतीस उतरले. समितीच्या अटी पाहण्याजोग्या आहेत. पेटी पत्र्याची म्हणजे धातूची हवी, तिच्यात पाणी शिरता कामा नये. ती अशी उभी करावी की टपालवाल्याला गाडीतून न उतरता हात पोचेल. आणि पेटीत काही आहे की नाही हे दुरून कळावे, म्हणून तिला एक खूण असावी. ह्या खुणेतूनच पुढे ते छोटे तांबडे निशाण आले. घरच्या माणसाला पत्र पाठवायचे असेल तर त्याने पत्र पेटीत ठेवून निशाण उभे करायचे, की टपालवाला थांबून पत्र घेऊन जाणार. म्हणजे ह्या पेटीने टपाल येतही होते आणि जातही होते. टपालपेटीच्या घडणीत टपाल आणणाऱ्याचा विचार झाला तो हा असा.

तरीही निरनिराळ्या कारखान्यांच्या निरनिराळ्या पेट्या राहिल्याच. १९१५ साली टपालखात्यातले एक इंजिनियर रॉय जोरोलमन ह्यांनी एक नवा नमुना काढला. तळ सपाट, वरचा भाग बोगद्यासारखा कमानदार, पुढे खाली उघडणारे झाकण आणि बाजूला निशाण. पोस्टमास्तर जनरल अल्बर्ट बर्लसन ह्यांनी तो मंजूर केला. चित्रपटांतून आणि चित्रांतून अमेरिकेचे खेडे म्हणून जी पेटी आपल्याला दिसते ती हीच. तिच्यात काय विशेष होते? पत्र्याचा एकच तुकडा वाकवला की भिंती आणि छप्पर दोन्ही तयार. वर सांधा नाही, म्हणून गळती नाही. कमानीवर पाणी थांबत नाही, बर्फही घसरून पडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की खात्याने ह्या नमुन्याचे एकस्व कोणा एकालाच दिले नाही. ज्याला हवी त्याने ती बनवावी. त्यामुळे कारखान्यांत चढाओढ लागली आणि पेटी स्वस्त झाली. १ जानेवारी १९१३ पासून तिथे पार्सल-टपाल सुरू झाले होते. पार्सले लहान पेटीत मावेनात, म्हणून १९२८ साली त्याच घडणीची मोठी पेटी निघाली. गरज बदलली की वस्तूने बदलावे, ही ह्या कारागिरीची खूण.

ह्या पत्र्याच्या पेटीला विटांचे कवच कुठून आले, ते आता पाहू.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांभोवती नव्या वसाहती पसरल्या. घरापुढे हिरवळ, हिरवळीपुढे रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला पेटी. घर विटांचे, मग पेटी पत्र्याची कशी शोभणार? घराच्या विटांचाच एक जाड खांब बांधायचा, त्याच्या पोटात पेटी बसवायची, खांबावर घराचा नंबर आणि वर एखादा दिवा, अशी टूम निघाली. दुसरे कारण थोडे कडवट आहे. चालत्या मोटारीतून दांडा बाहेर काढून रस्त्याकडेच्या पेट्या फोडत जायचे, असा एक वात्रट खेळ तिथल्या टवाळ पोरांत पसरला. पेटी मोडणे हा तिथे केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रात्रीच्या अंधारात पकडायचे कोणाला? दर महिन्याला नवी पेटी घेणारा मालक वैतागला आणि म्हणाला, आता अशी बांधतो की मारणाऱ्याचाच हात मोडेल. तिसरे कारण बर्फाचे. रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या यंत्राच्या लोंढ्याने हलक्या पेट्या आडव्या होत. मग विटा, सिमेंट, पोटात भरीव काँक्रीट, मध्ये लोखंडी नळ, अशी दर पिढीला पेटी अधिकाधिक पक्की होत गेली.

मालकाच्या बाजूने पाहिले तर ह्यात चूक काय? काहीच नाही. टपालवाल्याच्या बाजूने? त्याचा हात पोचतो, पाऊस लागत नाही. त्याचीही तक्रार नाही. पण तिसरा माणूस राहिलाच की!

शिक्षकमित्रांनो, इथे एक हिशेब करून पाहू. वर्गात मुलांकडूनही तो करून घेता येईल. खांब साठ सेंटिमीटर रुंद, साठ सेंटिमीटर जाड आणि १३५ सेंटिमीटर उंच धरा. घनफळ जवळजवळ अर्धा घनमीटर. विटांच्या भरीव बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे १९०० किलो. म्हणजे हा खांब नऊशे किलोहून अधिक वजनाचा, आणि तोही जमिनीत रोवलेला. आता ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार त्यावर आदळली तर? त्या वेगाची टक्कर म्हणजे चौदा मीटर उंचीवरून, साधारण चौथ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखी. खांब हलत नाही. मग हलायचे कोणी? मोटारीने आणि आतल्या माणसाने.

रस्त्यावरून गाडी खाली उतरते ती नेहमी दारूड्याचीच असते असे नाही. कोणाचे चाक फुटते, कोणाला डुलकी लागते, कोणी रस्त्यात आलेल्या पोराला वाचवायला हात फिरवतो, कोणाची गाडी निसरड्यावर घसरते. पूर्वी असे समजत की चूक चालकाची, तेव्हा फळही त्याचेच. १९६० नंतर हा विचार बदलू लागला. १९६६ साली अमेरिकेत वाहनांच्या आणि महामार्गांच्या सुरक्षिततेचे कायदे झाले. त्या सुमारास इंजिनियरांनी असे मांडले की, माणूस चुकणार हे धरूनच रस्त्याची कड बांधली पाहिजे. चुकीला क्षमा करणारी कड असावी. पाट्यांचे आणि दिव्यांचे खांब असे करावेत की धक्का लागताच ते तळाशी तुटून बाजूला पडतील. मोटारीचे नुकसान होईल, खांबाचे होईल. पण माणूस वाचेल.

हाच विचार मग टपालपेटीला लावण्यात आला. टेक्सासमधल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास निरनिराळ्या घडणीच्या पेट्यांवर खऱ्या मोटारी आदळवून पाहिल्या. त्यातून एक गोष्ट अशी निघाली की जी सहजासहजी कोणाच्या ध्यानात आली नसती. खेड्यांत चारपाच घरांच्या पेट्या एकाच आडव्या फळीवर ओळीने ठोकण्याची रीत होती. फळी साधी, लाकडाची. निरुपद्रवी वाटावी अशी. पण तिची उंची नेमकी मोटारीच्या पुढच्या काचेइतकी. टक्कर झाली की ती फळी काचेतून आत घुसते. तेव्हा प्रश्न केवळ वजनाचा नाही. वस्तू कुठल्या उंचीवर आहे आणि तुटल्यावर कुठे जाते, हेही पाहावे लागते. १९८४ साली तिथल्या राज्यांच्या महामार्ग-अधिकाऱ्यांच्या संघाने रस्त्यालगतच्या टपालपेट्या कशा उभाराव्यात ह्याची एक मार्गदर्शिकाच काढली.

आज अमेरिकेचे टपालखाते घरमालकांना काय सांगते, तेही ऐकण्यासारखे आहे. पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच असावा, आणि तिचे दार रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच मागे असावे, म्हणजे गाडीत बसलेल्याचा हात नेमका पोचतो. खांब चार इंच बाय चार इंच लाकडाचा, किंवा दोन इंच व्यासाचा साधा नळ असावा, आणि तो २४ इंचांपेक्षा खोल पुरू नये. जाड लोखंडी नळ, काँक्रीटचे खांब, काँक्रीट भरलेले दुधाचे कॅन असले आधार टाळावेत. म्हणजे खांब उभा राहण्यापुरता पक्का आणि धक्क्याने मोडण्यापुरता कच्चा हवा. सुताराला हे ऐकून प्रथम हसू येईल. पण विचार केल्यावर तोच म्हणेल, की बरोबर आहे. बैलाचे जू अडले की शिवळ मोडावी, बैलाची मान नव्हे.

ह्या सूचनांकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, ह्याचे एक उदाहरण न्यायालयाच्या दप्तरी नोंदलेले आहे. ओहायो राज्यातल्या एका घरमालकाची पेटी कोणीतरी वारंवार मोडत असे. त्रासून त्याने आठ इंच व्यासाचा लोखंडी नळ जमिनीत ३६ इंच खोल पुरला आणि त्यावर पेटी बसवली. डिसेंबर २०१६ मध्ये एका सकाळी बर्फाच्या निसरड्यावरून एक गाडी घसरली आणि त्या खांबावर आदळून उलटली. चालकाचे हातपाय कायमचे लुळे झाले. दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली न्यायालयाने निर्णय दिला की, पेटी वाहतुकीच्या मार्गाबाहेर होती, तेव्हा कायद्याने मालक जबाबदार नाही. कायद्याचे झाले. पण विचार करा, पेटी मोडणारी टवाळ पोरे राहिली बाजूलाच. तडाखा बसला तो ज्याने कोणाचे काही बिघडवले नव्हते अशा वाटसरूला. आणि मालक तरी दुष्ट होता काय? नाही. तो आपली पेटी राखत होता, एवढेच. कायद्यात निर्दोष ठरणे निराळे आणि आपल्या हातून दुसऱ्याला इजा होणार नाही अशी तजवीज करणे निराळे.

मग विटांची पेटी बांधूच नये की काय? तसे नाही. वीट ही काही वैरीण नव्हे. विटांची पेटी सुधारता येते, आणि ती कशी, हे आता क्रमाने पाहू. आपल्याकडे पोस्टमन सायकलवर किंवा पायी येतो, दारापर्यंत येतो. त्याला रस्त्याकडेच्या पेटीची गरज नसते. म्हणून ह्यातल्या काही गोष्टी आपल्याला अधिकच सोप्या आहेत.

पहिली गोष्ट जागेची. भरीव विटांचा खांब वाहत्या रस्त्याच्या कडेला नको. अमेरिकेतही अनेक राज्यांची रस्तेखाती तो रस्त्याच्या हद्दीत बांधू देत नाहीत. खांब हवाच असेल तर आपल्या हद्दीत, मागे, फाटकाशी किंवा आवाराच्या भिंतीत असावा. भिंत आहेच, तेव्हा निराळा खांब कशाला? गावातून जाणारा रस्ता आज अरुंद आहे, उद्या तो रुंद होईल, वाहने वेगाने धावू लागतील. तेव्हा आज मागे वाटणारा खांब उद्या कडेला येईल, ह्याचाही अंदाज ठेवावा. रस्त्याकडेलाच पेटी ठेवणे भाग असेल, तर साधा लाकडी खांब आणि पत्र्याची पेटी हीच उत्तम.

दुसरी गोष्ट, पेटी आणि बांधकाम ही दोन निराळी ठेवावीत. विटांच्या पेटीचा मोठा दोष हा, की गवंडी पत्र्याची पेटी सिमेंटने चहूबाजूंनी घट्ट चिणून टाकतो. पाच-दहा वर्षांनी पत्रा गंजतो. गंजलेले लोखंड फुगते, आणि ते फुगले की विटांच्या दरजा फाकतात, खांबाला उभी चीर जाते. बिजागरी तुटली तरी पेटी निघत नाही. खांबच फोडावा लागतो. त्याऐवजी खांबात पेटीपेक्षा बोटभर मोठा कोनाडा ठेवावा, वर शहाबादी फरशीचा तुकडा आडवा टाकावा आणि पेटी आत सरकवून दोन स्क्रूंनी बसवावी. खराब झाली की काढली, नवी घातली. देवळीत दिवा ठेवतो तसे. दिवा बदलतो, देवळी तीच राहते.

तिसरी गोष्ट पाण्याची. वीट पाणी पिते, हे कोणाही गवंड्याला ठाऊक आहे. म्हणून खांबाचा माथा सपाट ठेवू नये. त्याला उतार द्यावा. माथ्याची फरशी चहूबाजूंनी दोन बोटे पुढे काढावी आणि तिच्या खालच्या अंगाला बारीक खाच पाडावी, म्हणजे पाणी खांबावरून न ओघळता पागोळीसारखे खाली पडते. कोनाड्याचा तळ किंचित बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा. पायातून चढणारी ओल अडवण्यासाठी जमिनीच्या वर एक ओलरोधक थर द्यावा. पाऊस आपल्याकडे कोकणात जसा आडवा मारतो तसा मारत असेल, तर फटीवर झडप हवीच. पत्र ओले झाले की शाई पसरते, आणि मग नोकरीचे बोलावणे काय आणि कोर्टाची नोटीस काय, सारखेच वाचता येत नाही.

चौथी गोष्ट उंचीची आणि फटीची. युरोपातल्या देशांनी २००२ साली ह्याचे एक प्रमाण ठरवले. फट जमिनीपासून ७० सेंटिमीटरपेक्षा खाली नसावी आणि १७० सेंटिमीटरपेक्षा वर नसावी. खालची मर्यादा का, हे कळण्यासाठी एकदा टपालवाल्याच्या पाठीचा विचार करा. इंग्लंडात पुष्कळ दारांच्या फटी अगदी पायाशी आहेत. दिवसातून शेकडो वेळा वाकून टपालवाल्यांच्या पाठी धरतात, आणि दारामागे कुत्रे असले तर बोटेही धोक्यात येतात. फटीची रुंदीही अशी हवी की मोठे पाकीट न दुमडता जाईल. प्रमाणपत्र दुमडून कोंबले की त्याची घडी जन्मभर राहते.

पाचवी गोष्ट काळाची. पत्रे कमी झाली. ख्यालीखुशाली आता फोनवर कळते. पण पार्सले वाढली आहेत. औषधे, पुस्तके, बियाण्यांची पुडकी घरपोच येतात. तेव्हा आज पेटी बांधायची तर नुसत्या पत्रापुरती बांधू नये. वर पत्राची फट आणि खाली पार्सलाचा खण, असा विचार करावा. १९२८ साली मोठी पेटी काढणाऱ्यांनी जे केले तेच हे.

आणि शेवटची गोष्ट नावाची. पेटीवर घराचे नाव, मालकाचे आडनाव आणि घरक्रमांक ठळक, रस्त्यावरून वाचता येईल असा लिहावा. पत्त्याखालचा सहा आकडी पिन क्रमांक आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. मराठी माणसाला त्यांचा अभिमान वाटावा. पण तो क्रमांक पत्र गावच्या टपालकचेरीपर्यंत पोचवतो. तिथून दारापर्यंतची वाट पेटीवरच्या नावानेच सापडते. रात्री डॉक्टरला बोलावले असता त्यालाही तेच नाव उपयोगी पडते.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना आठवड्यात एकदा बाहेर काढा आणि शाळेच्या वाटेवरच्या पेट्या, फाटके आणि खांब पाहायला सांगा. प्रत्येकाने तीन प्रश्न विचारायचे. मालकाला ह्याचा काय उपयोग? रोज इथे येणाऱ्या माणसाला काय सोय किंवा गैरसोय? आणि अंधारात, पावसात, घसरत्या वाटेवरून येणाऱ्या अनोळखी माणसाचे इथे काय होईल? उत्तरे वहीत लिहायची, मापे घ्यायची. गणित त्यात आले, भूगोल आला, आणि नागरिकशास्त्र तर पुस्तकापेक्षा अधिक आले. शिवाय शाळेच्या स्वतःच्या पेटीपासून सुरुवात करता येईल; ती गळते का, तिची उंची बरोबर आहे का, तिच्यावर नाव आहे का, हे पाहून मुलांनीच ती दुरुस्त करावी.

आपण घर बांधतो ते आपल्यासाठी. पण घराची जी बाजू रस्त्याकडे असते, ती थोडी गावाचीही असते. जुन्या वाड्यांच्या दाराशी ओटे असत. वाटसरूने टेकावे म्हणून. काही ठिकाणी पाण्याचा रांजण असे. बांधणाऱ्याने येणाऱ्याजाणाऱ्याची आठवण ठेवली होती. टपालपेटी बांधताना तेवढीच आठवण ठेवली, तर ती गळणार नाही, कोणाची पाठ मोडणार नाही, आणि कोणाचा जीवही घेणार नाही. सुधारणा म्हणायची ती हीच.